विद्यापीठाने विचारलंय, मग सांगायला नको?

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजकडून एक पत्र आलं. ‘येत्या काळात आपलं कॉलेज आणि विद्यापीठ कसं असावं, याबद्दल माजी विद्यार्थ्यांनी बैठकीला येऊन सूचना द्याव्यात.’ सोबत चार पानी प्रश्नावली. खरं सांगते, पहिल्यांदा हसूच आलं. बी.ए. होऊन पंचवीस वर्षं झाली. मधल्या काळात घर, मुलं, सासूबाईंचं आजारपण आणि बचत गटाची कामं. माझं मत घेऊन विद्यापीठ काय करणार? पत्र वाण्याच्या बिलांसोबत खिळ्याला अडकवून टाकलं.

दोन दिवसांनी बचत गटाची बैठक होती. गंमत म्हणून ते प्रश्न मी तिथे वाचून दाखवले. भाजी विकणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, आमाला कशाला इचारता? आमी कुठं कालेजात गेलो?” सगळ्या हसल्या. मग त्याच मावशी थोडं थांबून म्हणाल्या, “पर आमची पोरगी जाती की! तिला सायन्स पायजे होतं. प्रॅक्टिकल सुटतं सहाला आन् गावाकडची शेवटची एस.टी. साडेपाचला. मग घातली आर्ट्‌सला.”

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. त्या मुलीने कोणता विषय शिकायचा हे तिच्या मार्कांनी ठरवलं नाही, आवडीने तर नाहीच नाही. ते ठरवलं एस.टी.च्या वेळापत्रकाने! आणि त्या चार पानी प्रश्नावलीत एस.टी.चा प्रश्न कुठेच नव्हता. ‘ग्रंथालय समाधानकारक आहे का?’ हा मात्र होता.

आपल्याकडे विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी इमारत, काळा डगला आणि पदवीदान समारंभ येतो. ते आपलं काही नव्हेच, अशी आपली समजूत. पण जरा मागे वळून पाहू या. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी अण्णा दारोदार फिरून छोट्या छोट्या देणग्या गोळा करत होते. सर विठ्ठलदास ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी आली ती १९२० मध्ये. त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला मिळालं ते त्यानंतर. पण त्याच्या आधी ते उभं राहिलं सामान्य माणसांच्या रुपया-दोन रुपयांवर. ‘मुलींना कोणत्या भाषेत शिकवावं?’ हा प्रश्नही अण्णांनी मुलींची सोय पाहूनच सोडवला आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यायचं ठरवलं. त्या काळात ही किती धाडसाची गोष्ट होती!

आज तर महाराष्ट्रातल्या आणखी तीन विद्यापीठांना बायकांची नावं आहेत. पुण्याला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचं नाव मिळालं, जळगावला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं आणि सोलापूरला २०१९ मध्ये अहिल्यादेवींचं. बहिणाबाईंना तर अक्षरओळखही नव्हती! नाव कमानीवर आलं याचा आनंद आहेच. पण कमानीच्या आत काय व्हावं, हे ठरवताना आपण कुठे असतो?

मग मी चौकशी केली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार प्रत्येक विद्यापीठाला दर पाच वर्षांसाठी बृहत् आराखडा करावा लागतो. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ चा आहे. नवं कॉलेज कुठल्या भागात निघावं, तिथे कोणते अभ्यासक्रम असावेत, हे त्या आराखड्यावरून ठरतं. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या मुलीला रोज पाच किलोमीटर जायचंय की पन्नास, ते त्यात असतं!

दुसरी गोष्ट अधिसभेची, म्हणजे सिनेटची. तिच्यात नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात आणि त्यातली एक जागा महिलेसाठी राखीव आहे. पण मत द्यायचं तर आधी पदवीधर म्हणून नोंदणी करावी लागते. मी केली आहे का? नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने तरी केली आहे का? तीही नाही. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा मतदारयादीत जेमतेम साडेतेरा हजारांच्या आसपास नावं होती. जिथून दरवर्षी लाखाच्या घरात मुलं-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, तिथली ही गत! दोष नुसता विद्यापीठाला कसा द्यायचा?

आता एक काळजीची गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षण मध्येच सोडण्याची आणि पुन्हा येण्याची सोय आहे. काही अटी पुऱ्या केल्या की एका वर्षावर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांवर पदविका. मिळवलेली श्रेयांकं साधारण सात वर्षं जमा राहतात. कागदावर छानच आहे. पण आपल्या घरांतून या सोयीचा अर्थ काय लावला जाईल? “एक वर्ष झालं ना, सर्टिफिकेट मिळालं ना, मग आता स्थळं बघू या!” मुलगा बाहेर पडेल तो नोकरीसाठी आणि मुलगी बाहेर पडेल ती लग्नासाठी. विसाव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीचं धाकटं मूल शाळेत जायला लागेपर्यंत ती सात वर्षं संपलेली असतात. बाहेर पडायचं दार सताड उघडं आणि आत यायचं किलकिलं!

हे मी ऐकीव बोलत नाही. माझं लग्न दुसऱ्या वर्षाला असतानाच झालं. तिसऱ्या वर्षाची परीक्षा दिली तेव्हा मोठी सहा महिन्यांची होती. सासूबाई तिला घेऊन कॉलेजबाहेरच्या कडुलिंबाखाली बसायच्या. पेपर संपला की मी धावत सुटायची. त्या माउलीने बाहेरून साथ दिली म्हणून माझ्या नावापुढे बी.ए. लागलं. प्रत्येकीला अशी सासू मिळतेच असं नाही. म्हणून तो कडुलिंब विद्यापीठानेच लावायला हवा.

शेवटी मी बैठकीला गेले. चाळीसेक माणसं होती, त्यात बायका आम्ही तिघी. इमारत, वाय-फाय, प्लेसमेंट असं बरंच बोलून झालं. मग मी उठले. पाय लटपटत होते, पण बोलले. प्रॅक्टिकलची वेळ एस.टी. आगाराशी बोलून ठरवा. परीक्षेच्या दिवशी तान्ह्या मुलांसाठी एक खोली आणि एक मदतनीस ठेवा. शिक्षण सोडलेल्या मुलींची यादी करा आणि दरवर्षी त्यांच्या घरी पत्र पाठवा, ‘तुझी जागा आहे, परत ये.’ आणि कुठल्या सूचनेचं पुढे काय झालं, तेही मराठीत कळवा. नाहीतर या प्रश्नावल्या कपाटातच पिवळ्या पडायच्या.

प्राचार्यांनी सगळं लिहून घेतलं. होईल की नाही, माहीत नाही. पण बाहेर पडताना कॉलेजचा शिपाई म्हणाला, “ताई, एस.टी.चं बरं बोललात. माझी पण पोरगी त्याच गाडीनं जाते.”

तेव्हा मैत्रिणींनो, पदवी असेल तर आधी पदवीधर म्हणून नाव नोंदवा. पदवी नसेल तरी बिघडत नाही, मुलीच्या कॉलेजात जा आणि बोला. २०२९ च्या पुढचा आराखडा त्याआधीच लिहायला घेतला जाईल. तो लिहिताना भाजीवाल्या मावशींचं म्हणणं कुणीतरी तिथे पोहोचवायला हवं. आपण नाही, तर कोण?

ते पत्र मी खिळ्यावरून काढलंय. चारही पानं भरली. जागा पुरली नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूलाही लिहिलं.