मुलाचे दोन्ही वृषण उतरलेत ना?

मुलगा झाला की पेढे वाटतात, वजन विचारतात, नाक कुणाचं यावर चर्चा होते. पण एक गोष्ट बघायची राहून जाते, आणि बघितली तरी बोलायची लाज वाटते. वृषण, म्हणजे घरात आपण ज्यांना गोट्या म्हणतो, ते दोन्ही पिशवीत आहेत का?

मैत्रिणींनो, गर्भात वृषण मुलाच्या पोटात तयार होतात आणि शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जांघेतून खाली उतरतात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या मुलांत शंभरातल्या सुमारे तीसांचा, तर पूर्ण दिवसांच्या मुलांत दोन-तिघांचा वृषण वर राहिलेला आढळतो.

घाबरू नका. पहिल्या काही महिन्यांत बरेचसे आपोआप उतरतात. मात्र सहा महिने उलटले, की ती आशा फारशी नसते. ‘मोठा झाला की उतरेल,’ असं सासूबाई म्हणाल्या तर ऐकून घ्या, पण बाळाला बालशल्यचिकित्सकांकडे न्या. शस्त्रक्रिया सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान होणं चांगलं.

एवढी घाई का? पिशवी पोटापेक्षा दोन-तीन अंश थंड असते, आणि वृषणाला तोच थंडावा लागतो. वर उबेत राहिला तर त्याची वाढ खुंटते, पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, कॅन्सरचा धोकाही वाढतो. शस्त्रक्रिया वेळेवर झाली तर हे धोके कमी होतात.

बघायचं कसं? अंघोळीनंतर, बाळ उबेत आणि शांत असताना, हात गरम करून हलकेच चाचपा. थंडीनं वर गेलेला वृषण उबेत परत खाली येत असेल तर बहुधा चिंता नसते. तरी डॉक्टरांकडून दरवर्षी तपासून घ्या. मालिशवाल्या बाईंना मात्र तिथं ओढाताण करू देऊ नका. तेलानं वृषण उतरत नाही, इजा मात्र होते.

जन्मतःच दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, किंवा लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल, तर एक दिवसही न थांबता डॉक्टरांना दाखवा.

आणि गुटगुटीत बाळाचं लिंग लहान वाटतं, म्हणून झुरू नका. पुष्कळदा ते चरबीत बुडालेलं असतं, एवढंच!