मोरपंखी, सुरू आणि शाळेचे कुंपण

गेल्या जून महिन्यात नववीच्या मुलामुलींनी सह्या करून एक अर्ज माझ्या हाती दिला. क्रीडांगणाच्या उत्तरेस जे नवे कुंपण घातले आहे, त्याच्या कडेने 'ख्रिसमस ट्री'ची चाळीस रोपे लावावीत, म्हणजे शाळेस शोभा येईल, झाडे बारमाही हिरवी राहतील आणि नाताळात प्रत्येक वर्गास आपले स्वतंत्र झाड मिळेल, अशी त्यात विनंती होती. अर्जाची भाषा शुद्ध होती व 'सदाहरित' हा शब्दही बिनचूक लिहिलेला होता, हे प्रथम आनंदाने नमूद करतो. तथापि त्या अर्जास मी अद्याप संमती दिलेली नाही. त्याची कारणे वर्गात सांगितली आहेत. परंतु रोपांचा खर्च पालकांच्या वर्गणीतून व्हावा असेही अर्जात सुचविलेले असल्यामुळे, पालकांपुढेही माझे म्हणणे ठेवणे उचित होईल.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. शाळेच्या फाटकाजवळ सुरूचे एक जुने झाड आहे. सूचिपर्णी वृक्षांचा पाठ आला की मी वर्गास त्या झाडाखाली नेऊन, 'ही पाहा सुईसारखी पाने, आणि हा पाहा शंकू,' असे सांगत असे. हा क्रम बरीच वर्षे निर्वेध चालला. एके दिवशी आठवीतील एक मुलगी सुरूची काडी घेऊन आली व म्हणाली, "सर, ही सुई ओढली की कांडीकांडीने सुटते. पान असे सुटते का?" भिंग लावून पाहिले आणि मी ओशाळलो. ज्यास मी पान म्हणत होतो ते पान नव्हेच. ती हिरवी, सांध्यासांध्यांची बारीक डहाळी. खरी पाने म्हणजे प्रत्येक सांध्याभोवती असलेले सहा ते आठ सूक्ष्म दाते. ज्यास शंकू म्हणत होतो, तो फुलांच्या गुच्छापासून झालेला कठीण फळांचा समूह. सारांश, सुरू हा आंब्या-जांभळाच्या गोतातला, बी फळात झाकून ठेवणारा सपुष्प वृक्ष. सोंग मात्र त्याने पाइनचे घेतलेले. नावानेही घोटाळ्यात भर घातली आहे. फारसीत 'सर्व' म्हणजे सायप्रस, आणि तो खरोखरच सूचिपर्णी वर्गातला आहे. त्याच्यासारखी सरळ, सडपातळ आकृती पाहूनच या समुद्रापलीकडून आलेल्या झाडास आपल्याकडे सुरू म्हणू लागले असावेत.

याच्या उलट प्रकारही आपल्या देशात आहे. निलगिरी, अन्नमलै व केरळच्या डोंगरांत 'नागेया' नावाचा एक वृक्ष वाढतो. त्याची पाने चांगली रुंद असतात, पण जातीने तो अस्सल शंकुधारी वर्गातला. दक्षिण भारताचा मूळचा असा तो एकटाच. तेव्हा पान सुईसारखे आहे की नाही, एवढ्यावर वर्ग ठरत नाही. बी फळाच्या आत कोंडलेले आहे, की खवल्यावर उघडे बसलेले आहे, हे पाहावे लागते. 'अनावृत्तबीजी' या जडबोजड शब्दाचा अर्थ इतकाच आहे.

मग आपल्या जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत सूचिपर्णी वृक्ष नाहीच काय? रानात नाही. भीमाशंकरचे सदाहरित रान कितीही धुंडाळले तरी तेथे जांभूळ, अंजनी अशा रुंद पानांच्याच झाडांची दाटी दिसेल. परंतु अंगणात आहे, आणि तो प्रत्येक मुलाच्या ओळखीचा आहे. जुन्नर, घोडेगाव, मंचर, कोठेही बंगलीवजा घरापुढे मोरपंखीचे झुडूप दिसते, तोच तो. त्याची चपटी, पंख्यासारखी डहाळी पुस्तकात ठेवली म्हणजे विद्या येते, असा मुलांचा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तो कितपत खरा, हे सहामाहीच्या निकालावरून दिसतेच. माझे म्हणणे असे की, ती डहाळी पुस्तकात ठेवण्यापूर्वी एकदा नीट पाहावी. तिच्यावर खवल्यांसारखी बारीक पाने एकावर एक बसलेली दिसतील. पावसाळ्यानंतर झुडपावर निळसर हिरव्या, मांसल, आकड्यांच्या टोकांच्या गाठी दिसतात. त्या वाळून तपकिरी होतात, उकलतात, आणि आत बी उघडे सापडते. चीनकडून आलेले हे झाड आपल्या दारी उभे राहून जे शिकवू शकते, ते शिकविण्यासाठी मी इतकी वर्षे मुलांना फाटकाजवळच्या तोतयाकडे नेत होतो!

सूचिपर्णी वृक्षांची ठेवण मूळ थंडीच्या मुलुखास अनुकूल आहे. पान अरुंद, त्यावर मेणचट कवच, श्वासरंध्रे आत दबलेली. त्यामुळे जमीन गोठून मुळांस पाणी मिळेनासे झाले तरी झाड तगून राहते. झाडाचा आकार देवळाच्या शिखरासारखा निमुळता, म्हणून बर्फ फांद्यांवरून घसरून पडते. लाकडात पाणी चढविणाऱ्या रुंद नलिका नसून बारीक, लांब पेशी असतात. गोठण्याने त्या सहसा निकामी होत नाहीत. अंगात राळ असते. जखम झाली की ती बाहेर येऊन भोक बुजविते. सदाहरित म्हणजे पान गळतच नाही असा मात्र अर्थ नव्हे. पाने काही वर्षे राहून पाळीपाळीने गळतात, झाड एकदम ओके होत नाही, इतकेच. उत्तराखंडातील चीड पाइनच्या वाळक्या सुयांचा थर उन्हाळ्यात किती भयंकर पेट घेतो, हे वर्तमानपत्रे वाचणारांस ठाऊक आहे. चीड आणि देवदार ही एकाच झाडाची दोन नावे आहेत असे मुले उत्तरपत्रिकेत लिहितात; तेही बरोबर नाही. चिडाच्या सुया तीनतीनच्या जुडीत असतात, देवदाराच्या आखूड डहाळीवर गुच्छाने येतात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. नागपूरजवळ टाकळी येथे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी गेल्याच्या आधीच्या शतकात दगड झालेल्या वनस्पती गोळा केल्या. हे स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरास आले, त्यांनी शाळा काढली, आणि सुट्टी मिळाली की हातोडी घेऊन ते खडकांमागे लागत. 1863 साली पूर आलेल्या नदीत बुडून त्यांचा अंत झाला. 1931 साली बिरबल सहानी यांनी हिंदुस्थानातील सूचिपर्णी जीवाश्मांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात टाकळीच्या एका शंकूस त्यांनी 'टाकलिओस्ट्रोबस' असे नाव दिले. म्हणजे आपल्या शिवनेरीचा व लेण्याद्रीचा काळा पाषाण ज्या लाव्हारसाने घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरत असताना महाराष्ट्राच्या भूमीवर शंकुधारी वृक्ष उभे होते. आज जे रान आपल्याकडे नाही, ते एकेकाळी होते.

रान नसले तरी त्याचा माल आपल्या घरोघर आहे. चाकणच्या कारखान्यांत परदेशांहून यंत्रे येतात, त्यांच्या पेट्या पुष्कळदा पाइनच्या फळ्यांच्या असतात. त्याच फळ्यांची कपाटे व बाके पुढे स्वस्तात मिळतात. चिडाच्या खोडास खाच पाडून जो चीक मिळतो, त्याचे ऊर्ध्वपातन केले की टर्पेंटाईन निघते व खाली राळ उरते. रंगाऱ्यास टर्पेंटाईन लागते. साबण, कागद आणि डाख देण्याचे काम यांस राळ लागते. उपासनेत व्हायोलिन वाजविणाराचा गजही राळेवाचून मुका. लाकडाचा तंतू लांब असल्यामुळे बळकट कागदास तो फार मोलाचा. देवदाराचे लाकूड सुगंधी व टिकाऊ. एकोणिसाव्या शतकात पंजाबातील रेल्वेच्या स्लीपरांसाठी हिमालयातील देवदाराचे ओंडके नद्यांतून खाली सोडीत असत.

हे वाचून पवित्र शास्त्राच्या वाचकास शलमोन राजाची आठवण व्हावी. आपल्या मराठी शास्त्रात ज्यास गंधसरू म्हटले आहे, तो लबानोनाचा वृक्ष म्हणजे देवदाराचा सख्खा भाऊच. सोराचा राजा हीराम याने ते ओंडके तराफे बांधून समुद्रमार्गे पाठविले, आणि शलमोनाने तीस हजार माणसे पाळीपाळीने, महिन्यास दहा हजार याप्रमाणे, लबानोनात कामास लाविली. मंदिर सात वर्षांत झाले. ते वर्णन आपण मोठ्या अभिमानाने वाचतो. परंतु त्या डोंगरांचे पुढे काय झाले, हे रविवारच्या शाळेत कोणी सांगत नाही. राजामागून राजे आले व तोडीत गेले. आज लबानोनाच्या निशाणावर गंधसरू आहे, पण डोंगरावर त्याच्या थोड्याच राया उरल्या आहेत. त्यांपैकी एक राई 1998 साली जागतिक वारशाच्या यादीत घालून जपावी लागली. इतक्या मोठ्या रानाची ही अवस्था झाली, मग आपल्या भीमाशंकरास धोका नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता अर्जाकडे वळतो. रोपवाटिकेत ज्यास ख्रिसमस ट्री म्हणून विकतात, ते बहुधा अरॉकेरिया जातीचे, पॅसिफिक महासागरातील बेटांवरचे झाड असते. बेथलेहेमाशी त्याचा संबंध नाही, आणि ज्या जर्मन मुलुखात नाताळचे झाड सजविण्याची चाल पडली, तेथील झाडाशीही नाही. चाल मात्र गोड आहे. मी तिच्या विरुद्ध नाही. प्रार्थनामंदिराजवळ असे एक उंच झाड आहेच. ते सरळ वाढले नाही म्हणून पुष्कळांस वाईट वाटते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच खंडांतील 256 कुक पाइन वृक्ष मोजले, तेव्हा ते विषुववृत्ताच्या दिशेस झुकतात असे आढळले. म्हणजे आपल्याकडचे दक्षिणेस झुकावयाचे. नववीच्या मुलांनी होकायंत्र नेऊन आपले झाड कोणीकडे झुकले आहे ते पाहावे. एका झाडापासून इतके शिकता येते. मग चाळीस कशास?

त्या चाळीस झाडांवर कोणता पक्षी फळास येईल? मे महिन्यात आपल्या विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा शोभेच्या रोपांस पाणी घालावयाचे की वसतिगृहाच्या मुलांच्या आंघोळीस राखावयाचे? आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, आपल्या वसतिगृहातील कित्येक मुले आहुपे, तिरपाड यांसारख्या डोंगराकडील गावांतून येतात. त्यांच्या घरी वर्षाचे मीठमिरची, वह्या-पुस्तके हिरड्यावर चालतात. उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवून वाळवावयाचा व व्यापाऱ्यास घालावयाचा, ही त्यांची मिळकत. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा कोकणकिनाऱ्यावर सुरूची बने आडवी झाली, हे सर्वांनी चित्रांत पाहिले. त्याच वादळात आपल्या पश्चिमेकडील हिरड्याची झाडे मोडून पडली, हे मात्र ज्यांची गेली त्यांनाच अधिक ठाऊक. जे झाड फळास येण्यास वर्षानुवर्षे लागतात, ते एका दुपारी गेले. अशा घरचा मुलगा शाळेत येऊन शोभेची चाळीस परदेशी झाडे पाहणार, आणि आपल्या हिरड्याचे एकही पाहणार नाही, हे मला बरे वाटत नाही. हिरड्यात हिराकस घालून शाई करीत, चामडे कमावीत, त्रिफळ्यात तो घालीत. हा पाठ कोणत्याही पाइनइतकाच मोठा आहे.

कोणी म्हणेल, हा शिक्षक स्वदेशीचा हट्ट धरून बसला आहे. तसे नाही. मुंबई इलाख्याचे पहिले जंगल-अधिकारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे परदेशीच होते. 1847 साली ती नेमणूक होण्यापूर्वी ते आपल्या हिवऱ्याची सरकारी बाग पाहत, आणि तेथे औषधी झाडे, देशी तशी विदेशी, लावून पाहत. पण त्यांनी झाड लावण्यापूर्वी त्याचा उपयोग काय, हा प्रश्न विचारला. आपणही विचारावा.

माझी सूचना अशी आहे. मोरपंखीची दोन झुडपे प्रयोगशाळेच्या दारात लावावीत, व त्यांच्यापुढे सूचिपर्णी वर्गाचा पाठ घ्यावा. अरॉकेरियाचे एक रोप मोठ्या कुंडीत ठेवावे; नाताळात ते सभागृहात आणावे व जानेवारीत पुन्हा बाहेर न्यावे, म्हणजे दरवर्षी सुरूच्या फांद्या तोडण्याचा प्रघात बंद होईल. कुंपणाकडेने जांभूळ व अंजनी लावावी. ती सदाहरितच आहेत, तेव्हा अर्जातील तो शब्द फुकट जाणार नाही. मधूनमधून हिरडा लावावा. तो थंडी सरताना पाने टाकतो, म्हणून थोडे दिवस कुंपण उघडे दिसेल, दिसू द्यावे.

हा लेख छापखान्यात जाण्यापूर्वी नववीच्या वर्गास वाचून दाखविला. मागल्या बाकावरचा, डोंगराकडील गावाहून आलेला एक मुलगा सहसा बोलत नाही. तो उभा राहून म्हणाला, "सर, हिरड्याची रोपं विकत नका घेऊ. आमच्या बांधाखाली उगवलेली आहेत. पाऊस लागला की मी आणतो." किती आणशील, असे विचारता त्याने थोडा वेळ मनाशी हिशेब केला व सांगितले, "अकरा." ती अकरा वजा करून वर्गणीचा आकडा नव्याने काढण्याचे काम मुलांनी अंगावर घेतले आहे, तो पालकांस पत्राने कळविण्यात येईल.