विंचवाचं बिऱ्हाड

दहा लाखांच्या आत स्पोर्ट्स कार मिळते का? मिळते. फक्त ती नवी नसते आणि शोरूममध्येही नसते. ती असते बाणेर नाहीतर कोथरूडमधल्या एखाद्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, कव्हर घालून. मालक तुमच्या-आमच्यासारखाच गाडीवेडा. पण आता घरातून फर्मान निघालंय की आई-बाबांना चढता-उतरता येईल अशी उंच गाडी घ्या आणि हे खेळणं विका. बिचारा विकायला तयार झालाय खरा, पण कोणालाही नाही. त्याला 'आपला माणूस' हवाय.

स्पोर्ट्स कार म्हटल्यावर लगेच फेरारी डोळ्यांसमोर आणू नका, राव. पगारातून घराचा हप्ता गेल्यावर जे उरतं, त्यात आपली स्पोर्ट्स कार म्हणजे साध्यासुध्या गाडीच्या अंगात शिरलेलं वारं. आणि गंमत म्हणजे अशा वाऱ्याच्या गाड्या आपल्याच अंगणात तयार झाल्या. २००४ साली आलेली टर्बो-पेट्रोल स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची. २०१३ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय चाकणची. आणि सगळ्यांत तिखट प्रकरण रांजणगावचं! जिथे आपण अष्टविनायकातल्या महागणपतीला हात जोडायला जातो, तिथल्याच एमआयडीसीत २०१५ मध्ये फियाटने अबार्थ पुंटो बनवली. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन, १४५ घोड्यांची ताकद, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. त्या पैशात तेव्हा एवढे घोडे दुसरं कोणी देत नव्हतं.

अबार्थच्या बिल्ल्यावर विंचू असतो. १९४९ मध्ये इटलीत ही कंपनी काढणाऱ्या कार्लो अबार्थची रास वृश्चिक होती, म्हणून. आपल्याकडे म्हणतात ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर? या गाडीला ते अगदी फिट्ट बसतं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं, पण त्याआधीच फियाट ब्रँडच्या गाड्या भारतातून आवरल्या होत्या. म्हणजे आज तुम्ही ही गाडी घेता, तेव्हा गेल्या सगळ्या वर्षांत तिचं काय-काय झालं, कोणी हात लावला, कुठला पार्ट कुठून आणला, हे सगळं बिऱ्हाड तिच्या पाठीवर असतं. ते बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

म्हणूनच अशी गाडी एजंटपेक्षा शौकिनाकडून घेतलेली बरी, असं माझं पक्कं मत आहे. एजंटकडे पॉलिश असतं, शौकिनाकडे फाइल असते. ऑइल कधी बदललं, कोणत्या ग्रेडचं घातलं, प्लग कधी बदलले, सगळी बिलं तारीखवार लावलेली. काही महाभाग तर प्रत्येक टाकीचं मायलेज डायरीत लिहून ठेवतात. हसू नका. मायलेज अचानक घसरलेला महिना त्या डायरीत सापडला, तर नेमका प्रश्न विचारता येतो. टी-जेटला टायमिंग बेल्ट असतो, चेन नाही. तो कधी बदलला याचं बिल फाइलमध्ये नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून भाव करा.

पण शौकीन विकणाऱ्याचा एक धोका आहे, आणि तो एजंटच्या धोक्यापेक्षा गोड आहे. तो तुमच्याशी जाम छान बोलतो. पहिल्या वीस मिनिटांत टर्बो लॅगवर चर्चा, मग तामिणीच्या वळणांवर, मग त्याच्या ओळखीचा पार्ट्सवाला, मग दुसरा चहा. तोवर तुम्ही गिऱ्हाईक राहिलेले नसता, दोस्त झालेले असता. आणि दोस्ताला चॅसी नंबर दाखव म्हणायला आपल्याला लाज वाटते.

लाज सोडा. जायच्या आधीच सांगून ठेवा की इंजिन थंडच ठेव, मी आल्यावर चालू करू. गरम इंजिन शंभर आजार लपवतं. थंड गाडी चालू झाल्यावर मागून निळसर धूर आला, तर कुठेतरी ऑइल जळतंय. टर्बोचं सील किंवा त्याहून मोठं काही. मग टेस्ट ड्राइव्ह. विकणारा तुम्हाला रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर नेईल आणि तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून दाखवेल. पाठ सीटला चिकटेल, तुम्ही 'सॉलिड!' म्हणाल आणि व्यवहार तिथेच संपेल. म्हणून उलटं करा. आधी संध्याकाळी साडेसहाला गर्दीत चालवा. क्लच किती जड आहे, तापमानाचा काटा कुठे जातो, एसी लावल्यावर इंजिन कुंथतं का, हे तिथे कळतं. पोलो जीटी टीएसआय बघत असाल, तर ही परीक्षा सोडूच नका. तिच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्सला पुण्याचं रखडतं ट्रॅफिक मानवत नाही, आणि त्यातलं मेकाट्रॉनिक युनिट गेलं तर खिशाला भगदाड पडतं. आणि कुठलीही गाडी असो, आपल्या कॉलनीतल्या त्या स्पीडब्रेकर नावाच्या टेकडीवरून ती एकदा न्याच. खाली घासली तर रोज घासणार आहे.

आता मॉडिफिकेशन. शौकिनाची गाडी जशी कारखान्यातून आली तशीच असेल, हे जवळजवळ अशक्य. एक्झॉस्ट बदललाय, स्प्रिंग कापल्यात, इंजिनच्या कॉम्प्युटरचं रीमॅप केलंय. 'मी यावर दोन लाख घातलेत' हे वाक्य हमखास येतं. खरं असेल. पण ते दोन लाख त्याने स्वतःच्या मजेसाठी घातले आणि मजा करून झाली. त्यातला एक रुपयाही तुम्ही देणं लागत नाही. उलट रीमॅप केलेल्या इंजिनाने किती ताण सोसलाय, हा विचार करून किंमत खाली यायला हवी. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडीच्या मूळ स्वरूपात मनमानी बदल चालत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये निक्षून सांगितलंय. तेव्हा माळ्यावर टाकलेला ओरिजिनल एक्झॉस्ट, ओरिजिनल स्प्रिंग, जुनी चाकं, सगळं बिऱ्हाड गाडीसोबत मागून घ्या. नसेल, तर त्याचेही पैसे वजा.

आणि मग कागद. इथे 'आपलाच माणूस आहे' या तीन शब्दांनी भल्याभल्यांना गोत्यात आणलंय. आरसीवर कर्जाचा बोजा दिसतो का? कर्ज फिटलंय असं तोंडी सांगून भागत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. चॅसी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा, वाकून, टॉर्च मारून. न भरलेली ई-चलानं ऑनलाइन दिसतात, ती व्यवहाराआधी भरायला लावा. वेगवान गाडीची चलानंही वेगवानच असतात! एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल, तर एचएसआरपी प्लेट बसवली आहे का तेही बघा. आरएससारखी पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल, तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराची पावती मागा.

फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या की बहुतेकांना वाटतं, झालं काम. पण हे फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून राहतात. आज करू, उद्या करू, आरटीओत कोण रांग लावणार! कायदा विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवस देतो आणि घेणाऱ्याला ३०. हे दिवस चुकले तर काय होतं, ते सुप्रीम कोर्टाच्या फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात वाचायला मिळतं. एक गाडी २००७ पासून एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फिरत गेली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. मे २००९ मध्ये तिचा अपघात झाला. गाडी विकून जवळजवळ दोन वर्षं झालेल्या त्या पहिल्या मालकावरच कोर्टाने भरपाईची जबाबदारी टाकली, कारण नोंदीत मालक तोच.

म्हणजे बघा, नावावर करून घ्यायची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला जास्त हवी. तुम्ही घाटात १४५ घोडे उधळणार आणि काही झालं तर नोटीस जाणार त्याच्या घरी, जिथे आता ती उंच गाडी आणि आई-बाबा आहेत. ज्याने विश्वासाने किल्ली हातात दिली, त्याच्यावर ही वेळ आणणं काही दोस्ती नव्हे. ताबा देताना तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सही करा, साक्षीदारासकट. इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर घ्या. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर येतं, पण तुमच्या स्वतःच्या बंपरचा क्लेम जुन्या माणसाच्या नावावर अडकतो. आणि त्याचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्यावरून भाव करत बसू नका.

किल्ल्या दोन घ्या. म्युझिक सिस्टीमचा कोड असेल तर तो विचारा. फाइल घ्या, माळ्यावरचं सगळं घ्या, त्याच्या मेकॅनिकचा नंबर घ्या. निघताना तो गाडीच्या छपरावरून एकदा हात फिरवेल, तेव्हा फोन बघायचं नाटक करा, त्याला तेवढा एक मिनिट द्या. महिन्याभरात त्याचा मेसेज येईलच, 'कशी आहे रे?' त्याला आधी तुमच्या नावाच्या नव्या आरसीचा फोटो पाठवा. तामिणीचा नंतर.