वहीत उतरलेला मासा

मे संपत आला की मार्वे-मनोरीच्या कोळीवाड्यांत होड्या वर ओढायची घाई उडते. इंजिने उतरवली जातात, जाळी धुऊन वाळत पडतात, ताडपत्र्या बांधून होड्या शाकारल्या जातात. दर वर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. महाराष्ट्रात त्यामागे १९८१चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पण कोळीवाड्याला ही बंदी कायद्याने शिकवावी लागली नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय दर्यात होडी घालायची नाही, ही रीत त्याहून कितीतरी जुनी.

त्याच धक्क्यावर कांदिवली, चारकोप, बोरिवलीहून आलेले गळवाले उभे असतात. हातात रॉड, डब्यात कोळंबी, पिशवीत शिसे आणि तंगूसचे रीळ. बंदी यांत्रिक नौकांवर आहे. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला ती लागू होत नाही. शेजारच्या कोळ्याची कमाई दोन महिने थांबते आणि ज्याचे पोट मासळीवर नाही त्याचा छंद मात्र चालू राहतो. ही गोष्ट मनाला लागावी अशी आहे.

गळ गुंडाळून ठेवावा, असे या मासिकाचे म्हणणे नाही. या दोन महिन्यांत हाती येणारा मासा कोणता, कोणत्या अवस्थेतला, हे ओळखावे. अंड्यांवर आलेला परत द्यावा. आणि जे पाहिले ते वहीत लिहावे. पहिल्या दोन गोष्टी बरेच जण करू लागले आहेत. तिसरी जवळजवळ कोणीच करत नाही, म्हणून या अंकाचा भर तिच्यावर.

सुरुवात जिताड्यापासून. मनोरी-गोराईच्या खाडीत तिवरांच्या मुळांशी, पाणी वळायच्या वेळी, गळवाला ज्याची वाट पाहतो तो हाच. जिताडा आयुष्याची पहिली काही वर्षे बहुधा नर म्हणून काढतो आणि अंगाने वाढला की मादी होतो. म्हणजे रविवारच्या फोटोत दोन्ही हातांवर आडवा धरलेला आठ किलोचा जिताडा बहुतेक वेळा मादीच असते. पावसाच्या तोंडावर ती खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात लाखो अंडी सोडते. पिल्ले भरतीबरोबर आत येतात, तिवरांत आणि खाजणांत वाढतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या तळ्यांत ज्या जिताड्याचे एवढे कौतुक होते, त्याच्याही पिल्लांची मूळ वाट हीच. चारकोपच्या मागची तिवरे तोडू नयेत, असे गळवाल्यानेच सर्वांत मोठ्याने म्हणायला हवे, ते यासाठी.

ऑस्ट्रेलियात या माशाला बारामुंडी म्हणतात. क्वीन्सलंडच्या नद्या-खाड्यांत ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवता येत नाही, तसा १२० सेंटीमीटरपेक्षा मोठाही ठेवता येत नाही. दुसरी मर्यादा थोरल्या माद्यांसाठी आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला ती १३५ मिलिमीटर आहे. पाऊल चांगले आहे, पण ते फक्त लहानांना वाचवते. मोठ्या मादीचे रक्षण आज तरी कोणत्याही परिपत्रकात नाही. ते गळवाल्याच्या हातात आहे. जून-जुलैत हाताच्या लांबीचा जिताडा लागला तर मोजपट्टी लावावी, एक फोटो घ्यावा आणि तो पाण्यात परत जाऊ द्यावा.

परत जाऊ देणे म्हणजे धक्क्यावरून भिरकावणे नव्हे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच पक्कडीने दाबून टाकला तर गळ क्षणात सुटतो. हात ओले असावेत. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगू नये, पोटाखाली दुसरा हात हवाच. गळ खोल गेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा तंगूस तोंडाशी कापलेले बरे. आणि पाण्यात धरून ठेवावे, तो स्वतः शेपटी मारेपर्यंत.

गोड्या पाण्याची गोष्ट वेगळी, पण महिना तोच. पहिला जोराचा पाऊस पडला की ओढ्या-नाल्यांतून मासे उलटे वर चढतात. ठाणे-रायगडकडे याला वलगण म्हणतात. वलगणीच्या माशांचे घरोघरी कौतुक असते आणि त्या चवीला नावे ठेवणे या मासिकाला जमणार नाही. तरीही वर चढणारा प्रत्येक मासा अंडी टाकायलाच निघालेला असतो, हे विसरून कसे चालेल? पूर्वी एखादे गाव आपल्या ओढ्यावर चार टोपल्या मासे धरत असे. आता एका रात्रीत शहरातून गाड्या भरून माणसे येतात. गळवाल्याने वलगणीला कॅमेरा न्यावा, पाग नेऊ नये.

कांदिवलीच्या स्वतःच्या नदीबद्दल मात्र जड मनाने लिहावे लागते. पोईसर राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावते, कांदिवलीतून वाहत मार्वेच्या खाडीकडे जाते आणि वाटेत तिच्यात सांडपाणी मिसळत जाते. तिच्या मुखाशी लागलेली बोई किंवा शिंगाळा घरी नेऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवे. उगमाकडचे पाणी राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे आणि तुळशी-विहारच्या काठी गळ टाकणे हा गुन्हा आहे. दर वर्षी कोणी नवखा हे विचारतो, म्हणून पुन्हा लिहिले.

मग उपनगरातल्या गळवाल्याला राजरोस गोडे पाणी उरते ते पवईचे. १८९०मध्ये बांधून झालेल्या या तलावाला तेव्हा सुमारे १२.५९ लाख रुपये लागले. भरला की २.२३ चौरस किलोमीटर पाणी आणि ५४५ कोटी लिटरचा साठा. पिण्याला ते आता वापरले जात नाही. आरे वसाहतीला आणि कारखान्यांना दिले जाते. माशांसाठी मात्र या तलावाने मुंबईला एक परंपरा दिली. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन १९५५पासून इथे आहे आणि तिच्या परवान्याशिवाय पवईत गळ टाकायचा नसतो. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी कणकेचा गोळा मळण्यात आयुष्य घालवलेली माणसे या काठावर भेटतात. काठाशी मगरीही आहेत. पाण्यात पाय सोडून बसण्याची ही जागा नाही.

पवईला गेली काही वर्षे ओढून धरावे लागले आहे. तलावाला लागून महापालिकेने सुरू केलेला सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवला आणि झालेले बांधकाम काढायला सांगितले. न्यायालयात आयआयटीचे विद्यार्थी गेले होते. जलपर्णी आणि सांडपाणी यांचा तिढा मात्र अजून सुटलेला नाही. गेल्या वर्षी तलाव १८ जूनला भरून वाहू लागला, त्याआधीच्या वर्षी ८ जुलैला. ओसंडलेले पाणी मिठी नदीत जाते आणि त्याबरोबर मासेही. त्या दिवशी तलावात काय राहिले आणि काय वाहून गेले याची एक साधी नोंदसुद्धा कोणा गळवाल्याच्या वहीत नसावी, ही खंत आहे.

वहीवर एवढा जोर का, हे कावेरीच्या गोष्टीवरून कळेल. तिची सुरुवात महाराष्ट्रातच होते.

आपला खडस किंवा खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यांवरून सायक्सने १८३९मध्ये शास्त्रात नोंदवला. धरणे आली, डोह गेले, मासा आटला. १९७०च्या दशकात लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या वळवण तलावापाशी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. भारतात मोठ्या प्रमाणावर महसीरची पिल्ले तयार झाली ती तिथे, आणि मराठी गळवाल्याने त्याचा अभिमान बाळगावा असेच ते काम आहे. पिल्ले इतर राज्यांनाही दिली गेली. काही कर्नाटकात कावेरीत पोचली.

कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा होता: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी शेपटीचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी. १९४६मध्ये कावेरीची उपनदी असलेल्या कबिनीत व्हॅन इंगेन यांच्या गळाला लागलेला १२० पौंडांचा महसीर या कुळातला. कावेरीवर गालिबोरे इथे गळवाल्यांचा तळ होता. पकडलेला प्रत्येक मासा परत सोडायचा, पण त्याआधी जात, वजन आणि किती तास गळ टाकला हे वहीत लिहायचे, असा तिथला शिरस्ता. १९९८ ते २०१२ या काळातल्या त्या वह्या एड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे तपासल्या. आकडे एकत्र ठेवले तेव्हा दिसले की बाहेरून आणलेला निळ्या परांचा महसीर, म्हणजे आपला खडस, वाढत गेला आहे आणि नदीचा मूळचा कुबड्या महसीर जवळजवळ नाहीसा झाला आहे. मासे भरपूर लागत होते, म्हणून काठावर कोणाला काळजी वाटली नव्हती. २०१८मध्ये या मूळच्या माशाची ओळख टोर रेमादेवी म्हणून पक्की झाली आणि त्याला अतिसंकटग्रस्त जातींत घातले गेले. त्याच सुमारास आपल्या खडशीची अवस्था पूर्वी वाटली होती तितकी बिकट नसल्याचे ठरवले गेले.

लोणावळ्यातल्या कोणी हे वाईट हेतूने केले नाही. त्या काळच्या समजुतीप्रमाणे महसीर म्हणजे महसीर, तो जिथे कमी तिथे सोडायचा. ती समजूत अपुरी होती हे कळायला जाळी उपयोगी पडली नाहीत, सरकारी पाहणी उपयोगी पडली नाही. हौशी माणसांनी संध्याकाळी कंटाळत भरलेले रकाने उपयोगी पडले.

मुंबईतला गळवाला हाच धडा वेगळ्या माशांवर गिरवू शकतो. तिलापिया भारतात १९५२मध्ये आणला गेला आणि आज बहुतेक साचलेल्या पाण्यात तो पहिला गळाला लागतो. आफ्रिकन मांगूरच्या पैदाशीवर बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये तो नष्ट करण्याचे आदेशही दिले. घरच्या काचपेटीतला सकर मोठा झाला की जवळच्या तळ्यात सोडला जातो. उजनीच्या मच्छीमारांना आता तोच जाळी फाडताना सापडतो. सोडणाऱ्याला ते पुण्याचे काम वाटते. कांदिवलीच्या एखाद्या सोसायटीत असा सकर पाळलेला दिसला, तर तो परत दुकानदाराला द्यायला सांगणे हेही गळवाल्याचेच काम. आणि पवईत किंवा कुठेही पिल्ले सोडायची टूम निघाली, तर आधी विचारावे: जात कोणती, आणली कुठून, आणि इथले मूळचे मासे कोणते?

या पावसाळ्यात करायच्या गोष्टी आता थोडक्यात. या अंकासोबत वहीचे एक पान दिले आहे. त्याच्या प्रती काढून घ्याव्यात आणि रॉडच्या पिशवीतच ठेवाव्यात. तारीख, जागा, गळ टाकल्याची आणि गुंडाळल्याची वेळ, भरती की ओहोटी, उधाण की भांग, आमिष, जात, लांबी, ठेवला की सोडला, पोटात अंडी दिसली का: एवढेच रकाने. जातीबद्दल शंका असेल तर गावातले नाव लिहावे; मनोरीच्या आजीने सांगितलेले नाव चुकीच्या शास्त्रीय नावापेक्षा जास्त कामाचे.

ज्यांना गळाशिवाय मासा पाहायचा आहे त्यांनी पाऊस ओसरल्यावर वाडा तालुक्यातल्या तिळसे गावी जावे. वैतरणेच्या डोहात, तिळसेश्वराच्या देवळापाशी, महसीर निर्धास्त फिरतात, कारण तिथे त्यांना कोणी धरत नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीतही वरदायिनीच्या नावाने असेच रक्षण झाले आहे. कांदिवलीहून तिळसे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर आहे. रॉड घरी ठेवावी, मुलांना बरोबर न्यावे.

सुरक्षेचे एक सांगायचे राहिले. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. त्या तारखा कॅलेंडरवर लाल कराव्यात आणि त्या दिवशी आक्सा, मार्वे, मनोरीच्या खडकांवर पाय ठेवू नये. जिताडा दुसऱ्या दिवशीही असतो.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे नारळी पौर्णिमा २८ ऑगस्टला आहे. त्या दिवसापर्यंतची पाने मासिकाकडे पाठवावीत. पुढच्या अंकात ती जशीच्या तशी छापली जातील. ज्या दिवशी काहीच लागले नाही त्या दिवसाचे पानही हवे आहे. किती तास घातले आणि हात रिकामा राहिला, हे कळल्याशिवाय लागलेल्या माशांचा हिशेब होत नाही. तेव्हा चार तास पावसात उभे राहून कोरडा गळ गुंडाळला, तर घरी येऊन चहा घेता घेता तारीख, वेळ, भरती आणि आमिष लिहावे, आणि माशाच्या रकान्यात शून्य.