मणका ‘बसवून’ घेण्यापूर्वी

मोबाईलवर हल्ली एका प्रकारचे व्हिडिओ घरोघरी पाहिले जातात. माणूस पालथा झोपलेला असतो. कोणीतरी त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवून झटका देतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि झोपलेला माणूस सुटल्यासारखा हसतो. या उपचाराला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हा प्रश्न आता वरचेवर असतो. पाठीच्या मधोमध दुखते, एमआरआयमध्ये डिस्क बाहेर आलेली दिसली, तर हा उपचार करून घ्यावा का?

कंबरेच्या दुखण्याला जे उत्तर द्यावे, ते मधल्या पाठीला देता येत नाही. मानेत ७ मणके, छातीमागे १२ आणि कंबरेत ५. छातीमागच्या बाराही मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे हा भाग फारसा हलत नाही आणि तिथल्या डिस्क सहसा बिघडत नाहीत. त्रास देणाऱ्या डिस्कपैकी शंभरात एकही धड इथली नसते. मात्र बिघडलीच, तर प्रकरण नाजूक असते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नसांचा झुपका असतो. म्हणून कंबरेतली डिस्क बहुधा एखादी नस दाबते आणि पाय दुखतो. छातीमागे मात्र अरुंद नळीतून खुद्द मज्जारज्जूच जातो. तिथे दाब वाढला तर पायातली ताकद जाऊ शकते.

‘डिस्क सरकली’ हा शब्दही गोंधळ करतो. डिस्क म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, आत मऊ गर आणि बाहेर चिवट वेष्टण. वेष्टण फाटून गर बाहेर येतो. चकती जागेवरून निसटलेली नसते, त्यामुळे ती दाबून ‘बसवता’ येत नाही. मग आवाज कसला? बोटे मोडताना येतो तोच. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, एवढेच. आवाज आला म्हणजे काही जागेवर गेले, असे नाही.

आणखी एक गोष्ट. एमआरआयचा कागद पाहून घाबरू नये. १९९५ साली पाठीची कसलीही तक्रार नसलेल्या ९० लोकांची तपासणी झाली, तेव्हा ३७ टक्के लोकांच्या छातीमागच्या भागात डिस्क बाहेर आलेली आढळली. वह्यांच्या गठ्ठ्यावर वाकून बसणाऱ्या आम्हा शिक्षकांची किंवा दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बहिणीची पाठ बहुतेक वेळा स्नायू आखडल्याने दुखते. डिस्क कागदावर असते, दुखणे दुसऱ्याच कारणाने असते.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी केली. एका बहिऱ्या माणसाचा मणका दाबल्यावर त्याला ऐकू येऊ लागले आणि बहुतेक आजार मणके हलल्याने होतात, असा त्यांचा दावा होता. हा दावा शास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पण सगळे टाकाऊ आहे असेही नाही. कंबरदुखीत हाताने केलेल्या अशा उपचाराने थोडा आराम पडतो, साधारण व्यायामाने पडतो तितकाच. मधल्या पाठीच्या डिस्कबाबत मात्र तुरळक रुग्णांच्या नोंदींपलीकडे फारसा पुरावा नाही. त्यातही जाणता कायरोप्रॅक्टर आधी रिपोर्ट पाहतो, पायांची ताकद आणि गुडघ्यावरचा झटका तपासतो, आणि मज्जारज्जूवर दाब दिसला तर हात लावायला नकार देतो. नकार देणारा माणूस आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो.

आपल्या मोहल्ल्यांत हाड बसवणारे पैलवान पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा यांत त्यांनी अनेकांना आराम दिला आहे, त्यांची टिंगल आम्ही करणार नाही. पण पाठीचा मणका म्हणजे घोटा नव्हे. वैद्यक न शिकता जो उपचार करतो, नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी डॉक्टरांसारखी स्वतंत्र सरकारी परिषद नाही, तेव्हा पाटीवरच्या अक्षरांपेक्षा शिक्षण कुठे झाले हे विचारणे बरे. विचारण्यात कसला संकोच?

सगळ्यात मोठी भीती आम्हाला वेगळीच वाटते. आपल्या देशात क्षयरोग मणक्यालाही होतो आणि पुष्कळदा छातीमागच्याच भागात होतो. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, मणक्यावर उंचवटा. अशा पाठीवर कोणी झटका दिला तर पोखरलेला मणका खचू शकतो. औषधांनी हा रोग बरा होतो, सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात, पण उशीर महागात पडतो. साठीपुढच्या अम्मींचेही तसेच. हाडे ठिसूळ झाली असतील तर जोराच्या दाबाने मणका मोडतो.

चालताना तोल जाणे, पाय जड किंवा बधिर होणे, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी बधिरता, लघवी-संडासवर ताबा न राहणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी हाडांच्या किंवा मेंदू-मज्जारज्जूच्या डॉक्टरांकडे जावे. आणि छातीत पुढून कळ येत असेल तर आधी हृदय तपासून घ्यावे, पाठीचे नंतर पाहता येईल.

ही लक्षणे नसतील तर बहुतेकांना शस्त्रक्रियेशिवाय बरे वाटते. बाहेर आलेला गर काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप आक्रसतो. थोडे दिवस बेताने वागावे, वेदनाशामक डॉक्टरांना विचारून घ्यावे, मग फिजिओथेरपिस्टकडून खांदे मागे घेण्याचे आणि पाठ ताणण्याचे व्यायाम शिकावेत. अंथरुणाला खिळून राहिल्याने पाठ आणखी आखडते. पाण्याची भरलेली कळशी आणि गव्हाची गोणी घरातल्या तरुणांनी उचलावी.

नमाजचे अनेकींनी विचारले आहे. रुकू-सजद्यात कळ येत असेल तर दात आवळून करण्याची सक्ती दीनमध्ये नाही. उभे राहणे जमत नसेल त्याला बसून आणि बसणेही जमत नसेल त्याला कुशीवर पडून नमाजची मुभा आहे. बसून इशाऱ्याने अदा करताना सजद्यासाठी रुकूपेक्षा थोडे अधिक झुकतात. आपल्या दुखण्यात नेमकी किती सवलत घ्यावी, हे जवळच्या आलिमांना विचारावे. तोवर जानमाजशेजारी, भिंतीला टेकवून, न हलणारी एक खुर्ची ठेवावी.