गांडुळं, बर्गर आणि डॉक्टरसाहेब

एप्रिल आला की ऑफिसात एकच विषय, अप्रेझल! त्यात कुणाची बदली ‘त्या’ कोपऱ्यातल्या डिपार्टमेंटला झाली, की लंचला त्याच्या डब्याभोवती अगदी दुखवटा. अशांना मी हल्ली डॉ. ऑलिव्हर सॅक्स यांचा बायोडाटा ऐकवते.

जन्म लंडनचा, १९३३चा. आई-वडील दोघंही डॉक्टर, शिक्षण ऑक्सफर्डचं. १९६० मध्ये स्वारी अमेरिकेत. कॅलिफोर्नियात न्यूरॉलॉजी शिकता शिकता मोटरसायकल आणि वेटलिफ्टिंग. १९६१ मध्ये ६०० पौंडांचा, म्हणजे साधारण २७२ किलोंचा, स्क्वॉट मारून राज्याचा विक्रमही केला. (जिमची वर्षाची फी भरून घरी बसलेल्यांनी हे वाक्य गाळावं.)

मग न्यूयॉर्क, आणि लॅबमधलं संशोधन. गांडुळांच्या मज्जातंतूंवरचं आवरण वेगळं काढायचं होतं. पण साहेब पक्के धांदरट! नोंदींची वही मोटरसायकलच्या मागे बांधली, ती हायवेवर उडाली. महिनोन्महिने खपून जमवलेलं सँपल बर्गरच्या चुऱ्याबरोबर कचऱ्यात गेलं. शेवटी वरिष्ठांनी सुनावलं की, बाबा रे, तू पेशंट बघ, तिथे तुझ्या हातून कमी नुकसान होईल.

१९६६ मध्ये ते ब्रॉन्क्समधल्या बेथ अब्राहम हॉस्पिटलात गेले. कायमच्या आजाऱ्यांची जागा. नाव काढायला निघालेला डॉक्टर तिथे जाईल कशाला? पण तिथे सुमारे ८० पेशंट असे होते, ज्यांना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झालेल्या ‘निद्रारोगा’च्या साथीनं ग्रासलं होतं. कित्येक जण दशकानुदशकं पुतळ्यासारखे बसून. सॅक्स त्यांच्याजवळ तासन्‌तास बसायचे, बारीकसारीक टिपायचे. १९६९ मध्ये त्यांनी एल-डोपा हे पार्किन्सनवरचं तेव्हाचं नवं औषध दिलं, आणि माणसं चालू लागली, बोलू लागली, हसू लागली!

यावरचं त्यांचं ‘अवेकनिंग्ज’ हे पुस्तक १९७३चं, सिनेमा १९९०चा. त्यात त्यांच्यावर बेतलेला डॉक्टर रॉबिन विल्यम्सनं केलाय. डीव्हीडी मिळाली तर सोडू नका.

सक्सेस स्टोरी सांगणारे मात्र इथेच थांबतात. खरं तर बऱ्याच जणांना ते औषध झेपलं नाही. कुणाला अनावर झटके, कुणाला भ्रम, कुणी पुन्हा थिजलं. सॅक्स यांनी हेही पानोपानी लिहिलंय. पुढे १९८२च्या आवृत्तीत प्रत्येकाचं नंतर काय झालं याचा हिशेबही दिला. त्यातले बहुतेक तोवर गेले होते.