ताटातले दारिद्र्य आणि मनाचे आजार

मनाच्या आजाराचा विषय निघाला की आपल्याकडे त्याची कारणे जणू आधीच ठरलेली असतात. खेड्यात तो दैवावर, बाहेरच्या बाधेवर किंवा घराण्यातील दोषावर ढकलला जातो. शहरातील सुशिक्षित मनुष्य त्याचे खापर स्वभावावर आणि दुबळ्या मनोधैर्यावर फोडतो. आजारी माणूस काय खातो, खाल्लेले त्याच्या अंगी कितपत लागते आणि तेच ते खाण्याची पाळी त्याच्यावर कोणी आणली, हे प्रश्न दोन्हीकडे सहसा विचारले जात नाहीत. वास्तविक मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे. वजनाने तो शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा, परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर जी ऊर्जा वापरते तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा अवयव घेतो. मग निकृष्ट आहाराची झळ हातापायांना लागेल आणि मेंदूला तेवढी लागणार नाही, असे मानण्यास आधार कोणता? या बाबतीत तर्कावरच विसंबून राहण्याचे कारण नाही. पेलाग्रा नावाच्या रोगाचा इतिहास पुरेसा बोलका आहे आणि कामगार-शेतमजुरांत काम करणाऱ्या प्रत्येकाने तो माहीत करून घ्यावा इतका तो जवळचा आहे.

पेलाग्रा झालेल्या माणसाची उन्हात उघडी पडणारी कातडी प्रथम लाल व नंतर काळवंडून खरखरीत होते. तोंड येते, जुलाब लागतात. पण पुष्कळदा याच्याही आधी मन बिघडू लागते. झोप उडते, चिडचिड वाढते, कशातच रस राहत नाही. रोग वाढला की भ्रम होतात, माणूस घरच्यांना ओळखेनासा होतो आणि उपचार न मिळाल्यास मरतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये या रोगाची नोंद केली. ‘पेलाग्रा’ हे नाव पडले ते इटलीत. दोन्हीकडे तो झाला मक्यावर गुजराण करणाऱ्या गरीब शेतकऱ्यांना. एकोणिसाव्या शतकात उत्तर इटलीतील वेड्यांची इस्पितळे अशा शेतकऱ्यांनी भरत असत. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूस पिकविणाऱ्या राज्यांत त्याने ठाण मांडले. १९०६ ते १९४० या काळात तेथे सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे एक लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. तेथील वेड्यांच्या इस्पितळांत दाखल होणाऱ्यांत या रोग्यांचा भरणा मोठा होता.

कारणाबद्दल विद्वानांत दोन तट होते. हा संसर्गजन्य रोग असून घाणीतून पसरतो, असे एकांचे म्हणणे. चार्ल्स डेव्हनपोर्टसारखे वंशशुद्धीचे पुरस्कर्ते १९१६ मध्ये असे मांडू लागले की काही घराण्यांच्या रक्तातच या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती असते. दोन्ही मते धनिकांना मोठी सोयीची होती, हे सांगावयास नकोच. रोग घाणीमुळे होत असेल तर गरिबाने स्वच्छ राहावे आणि रक्तामुळे होत असेल तर कोणी काहीच करावयास नको!

१९१४ मध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या कामावर नेमले. वेड्यांची इस्पितळे आणि अनाथालये पाहताना एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रोग होत होता तो आत ठेवलेल्या माणसांना. त्यांच्यात दिवसरात्र वावरणाऱ्या परिचारिका आणि नोकर यांना तो होत नव्हता. संसर्गजन्य रोग असा पगारपत्रक पाहून माणसे निवडत नाही. मग उरला तो जेवणातील फरक. मिसिसिपीतील दोन अनाथालयांत आणि जॉर्जियातील वेड्यांच्या मोठ्या इस्पितळातील काही कक्षांत त्यांनी जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्ये वाढविली आणि तेथून पेलाग्रा जवळजवळ हद्दपार झाला. १९१५ मध्ये मिसिसिपीच्याच एका तुरुंग-शेतावर त्यांनी उलटा प्रयोग केला. शिक्षा माफ होईल या बोलीवर तयार झालेल्या अकरा निरोगी कैद्यांना काही महिने दक्षिणेतील गरिबांचे जेवण देण्यात आले आणि त्यांपैकी सहांना रोग झाला. कैद्याला सुटकेचे आमिष दाखवून आजारी पाडणे आजच्या नीतिकल्पनांत बसत नाही आणि तेव्हाही ते बसावयास नको होते. तरीही संसर्गवादी मानेनात. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर, त्यांची पत्नी मेरी आणि काही सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. कित्येकांनी रोग्यांच्या कातडीच्या खपल्या आणि मलमूत्रही गोळ्यांतून गिळले. एकालाही पेलाग्रा झाला नाही.

परंतु या इतिहासातील सर्वांत मोलाचे काम इस्पितळात झालेले नाही. ते गिरणगावांत झाले. एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्र जाणणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन गोल्डबर्गर यांनी १९१६ पासून दक्षिण कॅरोलिनातील कापड गिरण्यांची सात गावे पाहिली. दर पंधरा दिवसांनी घरोघर जाऊन रोगी मोजले. कुटुंबाची मिळकत किती, पंधरवड्यात कोणते जिन्नस किती आणले, याची वहीत नोंद केली. जेवण काय होते? मक्याचे पीठ, काकवी आणि खारवलेली डुकराची चरबी. पोट भरत होते, पण ताटात दूध नव्हते, ताजे मांस नव्हते. मिळकत जसजशी खाली जाई तसतसा पेलाग्रा वर चढे. सारख्याच मजुरीच्या दोन गावांतही फरक आढळला. जेथे आसपासचे शेतकरी दूध, भाजी, मांस विकावयास आणत तेथे रोग कमी होता. जेथे भोवती नुसता कापूस होता आणि गिरणीच्या दुकानाखेरीज खरेदीची सोय नव्हती तेथे जास्त. वाट्याने जमीन कसणाऱ्यांची अवस्था याहून वाईट होती. जमीनमालक दारापर्यंत कापूस लावावयास भाग पाडी, त्यामुळे परसात भाजीचा वाफा किंवा गोठ्यात गाय ठेवण्यास जागा उरत नसे. वेड लागण्याचे एक कारण मजुरीच्या दरात आणि पीकपद्धतीत असू शकते, हे एवढ्या स्पष्टपणे आकड्यांनी दाखविणारे काम त्यापूर्वी क्वचितच झाले असेल.

त्याचे स्वागत कसे झाले, तेही पाहण्यासारखे आहे. कापसाचे भाव कोसळल्यानंतर १९२१ मध्ये पेलाग्रा वाढणार असा इशारा आरोग्य खात्याने दिला आणि अध्यक्ष हार्डिंग यांनी मदतीची भाषा काढली, तेव्हा दक्षिणेतील अनेक पुढारी खवळून उठले. आमच्या प्रांतात उपासमार आहे असे म्हणणे ही आमची बदनामी आहे, भांडवल बाहेरून येणार नाही, जमिनीच्या किमती पडतील, असा त्यांचा आक्रोश होता. भूकबळी नाकारणारी सरकारी पत्रके ज्यांनी वाचली आहेत त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. आहारात नेमके काय कमी पडते हे त्यांना कळले नव्हते. यीस्टसारख्या स्वस्त पदार्थाने रोग टळतो, एवढे मात्र त्यांनी दाखवून दिले होते. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेयेम यांनी तो घटक ओळखला: नायसिन नावाचे जीवनसत्त्व. अन्नातून ऊर्जा काढून घेण्याच्या, म्हणजे चयापचयाच्या, कामात प्रत्येक पेशीला ते लागते. प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन या घटकापासून शरीर थोडे नायसिन स्वतःही बनवू शकते, आणि मनःस्थितीशी संबंध असलेले सेरोटोनिन हे द्रव्यही मेंदूत याच ट्रिप्टोफॅनपासून तयार होते. मक्यात ट्रिप्टोफॅन अत्यल्प आणि जे नायसिन आहे ते अशा बंधनात की पचनात मोकळे होत नाही. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवीत, त्यामुळे ते मोकळे होई. मका सातासमुद्रापलीकडे नेणाऱ्यांनी दाणा नेला, रांधण्याची रीत मागेच ठेवली. नायसिन हाती आल्यावर, वेडे म्हणून दाखल झालेली माणसे काही दिवसांत भानावर येऊ लागली. आधीची कित्येक वर्षे तशीच माणसे इस्पितळातच मरत होती.

हे सारे अमेरिकेचे झाले, असे म्हणून महाराष्ट्रातील वाचकाला सुटता येणार नाही. पेलाग्रा दख्खनच्या पठारावरही होता आणि येथे तो मक्याऐवजी ज्वारीवर जगणाऱ्या शेतमजुरांत आढळे. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकंटिया यांनी १९६० मध्ये त्याकडे लक्ष वेधले. ज्वारीत ल्यूसिन हा प्रथिन-घटक प्रमाणाबाहेर असल्याने नायसिनचे काम अडते, अशी त्यांची उपपत्ती होती. तिच्यावर पुढे बरेच वाद झाले. पण रोगी खरे होते, त्यांचे दारिद्र्य खरे होते आणि त्यांच्यातही मनाचे विकार दिसत होते. येथे ज्वारीची बदनामी करण्याचे कारण नाही. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या पिढ्या भाकरीवर वाढल्या आहेत. भाकरीबरोबर पिठले, डाळ, ताक आणि शेंगदाण्याची चटणी असेल तर पेलाग्राला वाव राहत नाही. शेंगदाणा तर नायसिनने भरलेला. पण भुईमूग पिकविणाऱ्या मजुराच्या घरी शेंगदाणा किती राहिला आणि तेलाच्या घाण्याकडे किती गेला? कोरड्या भाकरीला मिरचीचा ठेचा लावून दिवस काढणाऱ्यालाच हा रोग गाठत होता. पुढे आहारात ज्वारीखेरीज इतर जिन्नस येऊ लागले तसा तो दिसेनासा झाला.

दिसेनासा झालेला रोग परत येऊ शकतो, याचा पुरावा १९९० मध्ये मलावी देशात मिळाला. मोझांबिकच्या यादवीतून पळून आलेल्या निर्वासितांना तेथे मुख्यतः मक्याचा शिधा मिळे आणि जोडीला शेंगदाणे. शेंगदाण्याचा पुरवठा खंडित झाला आणि त्या एका वर्षात अठरा हजारांवर लोकांना पेलाग्रा झाला. शिधापत्रकावरील एक ओळ खोडली गेल्याचा तो परिणाम.

एखादे जीवनसत्त्व कमी पडले नाही, नुसते अन्न कमी पडले, तरी मन टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास विवेकबुद्धीने नकार देणाऱ्या छत्तीस अमेरिकन तरुणांनी, युद्धग्रस्तांना सावरण्याचे शास्त्र कळावे म्हणून, १९४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली चोवीस आठवडे अर्धपोटी राहणे पत्करले. दिवसाला सरासरी सुमारे १५७० कॅलरी त्यांना मिळत. तपासून घेतलेले, धडधाकट, ध्येयवादी तरुण हे. त्यांचे वजन जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटले, आणि त्याबरोबर ते खिन्न, चिडखोर, एकलकोंडे झाले. अन्नाखेरीज दुसरा विषय त्यांच्या मनात टिकेना. एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडून घेतली. या तरुणांचा स्वभाव बिघडला असे कोणी म्हटले नाही, कारण त्यांच्या जेवणाचा हिशेब लिहून ठेवलेला होता. अर्धपोटी मजूर ‘आळशी’, ‘उदास’, ‘भांडखोर’ ठरतो तेव्हा असा हिशेब कोणी मांडत नाही.

प्रत्येक मनोविकाराचे मूळ ताटात शोधू जाणे हाही भ्रमच होय. वियोग, कर्ज, अपमान, घरातील मारहाण, अनुवंश यांचे परिणाम शेंगदाण्याने पुसले जात नाहीत, आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे आहाराच्या भरवशावर बंद करणे जीवघेणे ठरू शकते. अलीकडे आहार आणि मन यांच्या संबंधावर नवे संशोधन होत आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सदुसष्ट रुग्णांच्या एका चाचणीत, चालू उपचारांना चांगल्या आहाराची जोड दिल्याने नैराश्य उतरल्याचे आढळले. चाचणी लहान होती, पण दिशा दुर्लक्षिण्यासारखी नाही. दुर्लक्ष करावे ते या संशोधनाचे भांडवल करून महागडी चूर्णे आणि आहार-सल्ले विकणाऱ्या बाजाराकडे. त्याच्या लेखी ताट ही ज्याच्या त्याच्या निवडीची बाब आहे. दक्षिण कॅरोलिनाच्या गिरणी कामगाराने काकवी निवडली होती काय?

कार्यकर्त्यांच्या हाती असलेली कामे बरीच जवळची आहेत. वस्तीतील एखादी बाई सुन्न बसू लागली, एखादा वृद्ध विसरू लागला, तर त्याला भगताकडे नेऊ देण्याआधी सरकारी दवाखान्यात रक्त, थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करवून घेण्याचा आग्रह धरता येतो. बी-१२ च्या अभावाने नैराश्य, विस्मरण, क्वचित भ्रमही होतात, आणि वनस्पतिजन्य अन्नातून ते जवळजवळ मिळत नाही. पुण्यात व परिसरात ४४१ पुरुषांची जी पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात सुमारे दोन-तृतीयांशांच्या रक्तात ते कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर सर्वांत जास्त लोकांत. म्हणजे सोवळ्या ताटालाही आपले दारिद्र्य आहे!

दुसरे काम शिध्याचे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र माणसाला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क मिळाला. तो लढून मिळालेला आहे आणि राखलाच पाहिजे. पण डाळ, तेल, शेंगदाणा त्या हक्कात नाहीत. पोट भरणारे पीठ आणि बाकी काही नाही, ही गिरणगावची शिदोरी याहून फारशी निराळी नव्हती. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने त्याचा निधी थांबविला. हवे असल्यास शाळांनी लोकवर्गणीतून अंडी द्यावीत, असे सांगण्यात आले. ज्या पाड्यावर शाळेतील जेवण हेच दिवसाचे भरवशाचे जेवण असते, तेथे ही वर्गणी कोणाकडे मागावयाची, हे त्या आदेशात लिहिलेले नाही.